इन्स्पेक्शन रिपोर्टमधलं इंग्रजी: डिफेक्ट की डिफेक्टिव्ह?

रिपोर्ट लिहिण्याआधी काय मोजलं ते ठरवा. एका शाफ्टवर तीन ओरखडे असतील तर डिफेक्ट्स तीन, पण डिफेक्टिव्ह शाफ्ट एकच. इथे घोळ झाला की रिजेक्शनची टक्केवारी फुगते आणि कंट्रोल चार्टही (दर्जावर लक्ष ठेवण्याचा आलेख) चुकतो: डिफेक्टिव्ह नगांच्या प्रमाणासाठी पी-चार्ट, डिफेक्ट्सच्या संख्येसाठी सी-चार्ट.

रिवर्क आणि रिपेअर एकमेकांच्या जागी कधीच लिहू नका. 20.08 मिमीचा शाफ्ट ग्राइंड करून 20 ± 0.05 मध्ये आणला, तर ते रिवर्क. रिपेअरनंतर नग वापरण्याजोगा होतो, पण ड्रॉइंगच्या मापात बसेलच असं नाही. म्हणून त्यासाठी सहसा ग्राहकाकडून लेखी कन्सेशन, म्हणजे मापात न बसणारा नग वापरायची परवानगी, घ्यावं लागतं.

शब्दाचं रूपही सांभाळा: मायक्रोमीटर कॅलिब्रेटेड असतो, सर्टिफिकेट मात्र कॅलिब्रेशनचं.