गिटार, पेटी आणि कीबोर्ड: एका इफेक्ट प्रोसेसरमधल्या तीन वाटा

तळकोकणातल्या देवळाच्या सभामंडपात भजनाची बैठक मांडली की बुवांचा माइक, कोरसचे माइक, पखवाज, तबला आणि झांज यांनीच लहान मिक्सर भरून जातो. हल्ली साथीला गिटार आणि कीबोर्डही असतात, आणि मिक्सरवर मोकळे राहिलेले दोनच चॅनल या दोघांत आणि पेटीत वाटून घ्यावे लागतात. गिटारवाल्याकडे एकापेक्षा अधिक इनपुट असलेला डिजिटल प्रोसेसर (वाद्याच्या आवाजावर वेगवेगळे इफेक्ट चढवणारे यंत्र) असेल तर हे नीट साधते. मात्र प्रत्येक वाद्याची वाट आत शिरल्यापासून स्वतंत्र राहिली पाहिजे आणि वाटा एकत्र यायच्याच असतील तर त्या अगदी शेवटी, इफेक्ट संपल्यावर याव्यात.

ही अट मी चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी गणपतीत, चिऱ्याच्या भिंतींच्या एका मंडपात, घाईघाईने गिटार आणि कीबोर्ड दुतोंडी केबलने जोडून मी एकाच इनपुटमध्ये घातले. गिटारचा आवाज तत्काळ दबला आणि बोथट झाला, कारण साध्या पिकअपला (तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाला) १ मेगाओमच्या आसपास रोधाचे इनपुट लागते आणि इथे त्याच तारेवर कीबोर्डच्या कमी रोधाच्या आउटपुटचा भार पडला होता. पुढे डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट) चालू करताच कीबोर्डवरचा साधा षड्ज-पंचमही घरघरू लागला. डिस्टॉर्शनमध्ये दोन वाद्ये एकत्र शिरली की त्यांच्या स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून मुळात कोणीच न वाजवलेले स्वर निर्माण होतात, आणि ते नंतर कोणत्याही इक्वलायझरने वेगळे काढता येत नाहीत.

म्हणून आधी इनपुट ठरवावेत. उदाहरणादाखल २०१५ मध्ये आलेला लाइन ६ या कंपनीचा हेलिक्स हा प्रोसेसर घेऊ, कारण त्यात गिटार, ऑक्स (जादा वाद्य) आणि माइक यांच्या स्वतंत्र इनपुटबरोबर चार रिटर्नही (बाहेरचा सिग्नल आत घेणारे जादा जॅक) आहेत. गिटार गिटारच्याच इनपुटमध्ये जोडावी. पेटीसाठी डायनॅमिक माइक एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलने माइक इनपुटला द्यावा आणि तो भात्याकडे न लावता पट्ट्यांच्या बाजूने, साधारण वीतभर अंतरावर ठेवावा. अशा माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला दिली जाणारी वीज) लागत नाही. कीबोर्डच्या डाव्या-उजव्या तारा रिटर्न १ आणि २ मध्ये घालून त्या रिटर्नची पातळी सेटिंगमध्ये ‘लाइन’ करावी. ती ‘इन्स्ट्रुमेंट’वर राहिली तर कीबोर्डचा जोरदार सिग्नल आत शिरतानाच फाटण्याचा धोका असतो.

आता पॅच (इनपुट, इफेक्ट आणि आउटपुट यांची साठवलेली मांडणी) बांधताना पहिल्या वाटेचे इनपुट ‘मल्टी’वर न ठेवता स्पष्टपणे ‘गिटार’ निवडावे, कारण ‘मल्टी’ एकापेक्षा अधिक इनपुट एकत्र घेते. दुसरी वाट दोन फांद्यांत विभागावी आणि तिच्या वरच्या फांदीला माइक द्यावा; खालच्या फांदीला स्वतंत्र इनपुट मिळावे म्हणून विभागणीचा ब्लॉक खाली ओढावा आणि तिथे रिटर्न १/२ निवडावे. मर्जचा (फांद्या पुन्हा जोडणारा) ब्लॉकही तसाच खाली ओढावा, म्हणजे दोन्ही फांद्यांचे आउटपुट वेगळे होतात. गिटार पहिल्या वाटेत एकटी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे: या यंत्रात दोन वाटांचे काम दोन वेगळ्या डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या) चिप पाहतात, त्यामुळे गिटारच्या अँप मॉडेलचा (अँप्लिफायरच्या डिजिटल नकलेचा) बोजा पेटीच्या रिव्हर्बवर (घुमाऱ्यावर) पडत नाही. पेटीला इफेक्ट कमीच असावेत. खर्ज-नर (खर्ज आणि नर अशा सुरांच्या दोन संचांच्या) पेटीचा खर्ज शाबूत ठेवून ६० हर्ट्झच्या खालचा भाग कापला की भात्याचा धक्का बराच निवतो. रिव्हर्ब मात्र जेमतेम जाणवेल एवढाच द्यावा.

दोन चॅनलची वाटणी करताना माझा आग्रह असा आहे की एक चॅनल पूर्णपणे पेटीचा असावा. गाणाऱ्याचा सारा आधार तिच्या सुरावर असतो, आणि कार्यक्रम रंगात आल्यावर मिक्सरवर बसलेल्या माणसाला ती एकटीच वर-खाली करता आली पाहिजे. त्यामुळे पेटीचे आउटपुट एक्सएलआरच्या उजव्या बाजूला आणि गिटार व कीबोर्ड यांचे डाव्या बाजूला पूर्ण पॅन करावे (म्हणजे त्याच बाजूला वळवावे), आणि तिन्ही वाटांत मोनो इफेक्टच वापरावेत, नाहीतर स्टिरिओ डिलेची (डाव्या-उजव्या बाजूंत उमटणाऱ्या प्रतिध्वनीची) अर्धी उसळी हरवते. मिक्सरवरच्या या दोन चॅनलची फँटम पॉवर बंद असल्याची खात्री आधी करावी.

जोडणी झाल्यावर प्रत्येक वाद्य एकेकटे, सर्वात जोरात वाजवून पाहावे आणि क्लिपचा (आवाज फाटत असल्याचा) दिवा लागणार नाही इतपत पातळी ठेवावी. मग गिटारचे डिस्टॉर्शन चालू करून फक्त पेटी वाजवावी. तिच्या आवाजात तसूभरही फरक पडला तर वाटा कुठेतरी मिसळल्या आहेत. जोडणीनंतर अखंड घुमणारा ५० हर्ट्झचा आवाज आला तर प्रोसेसर आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवून पाहावे, आणि तरीही तो राहिला तर ग्राउंड लिफ्टचे (सिग्नल केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारे) बटण असलेला डीआय बॉक्स प्रोसेसर आणि मिक्सर यांच्या मध्ये घालावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून हा प्रश्न सोडवू नये, त्यात जिवाला धोका आहे.

खाऱ्या हवेचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यानंतर जॅकच्या टोकाजवळच्या काळ्या कड्याभोवती हिरवट पूड दिसते आणि तिच्यामुळे हात लावताच आवाज खरखरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने ती पुसून, जॅक पूर्ण वाळल्यावरच जोडावा. कार्यक्रम संपल्यावर आधी अँप्लिफायर आणि मग प्रोसेसर बंद करावा, आणि केबल गुंडाळण्यापूर्वी कोरड्या फडक्याने टोकापासून टोकापर्यंत पुसून घ्याव्यात.