सेइव्हालची लढाई टेबलावर कशी मांडावी

छोट्या बाहुल्या आणि फाशांनी ही लढाई खेळायची तर तिच्यातली एकच गोष्ट टेबलावर बसवायला अवघड आहे: तुटलेला लगाम. 10 सप्टेंबर 1836, ब्राझीलचं दक्षिण टोक, रिओ ग्रांदे दो सुल. ब्राझीलच्या बादशाहीविरुद्ध उठलेल्या फारापोस बंडखोरांचा एक सेनानी आंतोनिओ नेतो सुमारे 400 स्वारांनिशी सेइव्हाल ओढा ओलांडून आला. समोरच्या टेकाडावर बादशाही बाजूच्या सिल्व्हा ताव्हारिसचे 560 स्वार होते. ताव्हारिस उतारावरून तुटून पडला. नेतोने एकही गोळी न झाडता भाले-तलवारींनी सामना दिला आणि मागे ठेवलेल्या तुकड्या दोन्ही बगलांवर घातल्या. ऐन गर्दीत ताव्हारिसच्या घोड्याचा लगाम तुटला, घोडा उधळला. सरदारच पळाला असं वाटून त्याच्या शिपायांची फळी फुटली.

एक बाहुली म्हणजे 20 माणसं धरा. नेतोचे 20 स्वार, ताव्हारिसचे 28, सगळे 15 मिमी मापाचे. 40 × 30 मिमीच्या एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा फळा) तुकड्यावर दोन-दोन चिकटवा, म्हणजे 10 विरुद्ध 14 तुकडे. भाल्याला टाचणी पुरते. पोंचोसाठी, म्हणजे डोक्यातून घालायच्या घोंगडीसारख्या अंगरख्यासाठी, टिश्यू पेपरचा 12 मिमी चौकोन कापून मधे चीर द्या, पातळ फेविकॉलमध्ये बुडवून खांद्यावरून घाला आणि ओला असतानाच घोड्याच्या पाठीवर चापून बसवा. वाळल्यावर हात लावलात तर तडकतो. बाजू ओळखू याव्यात म्हणून तुकड्यांच्या कडा वेगळ्या रंगवा. फारापोसांच्या हाती हिरवा-लाल-पिवळा झेंडा देण्याचा मोह आवरा. बंडखोरांच्या प्रजासत्ताकाची घोषणाच दुसऱ्या दिवशी, 11 सप्टेंबरला झाली, आणि झेंडा ठरला नोव्हेंबरात.

टेबल 120 × 90 सेंमी पुरे. टेकाडासाठी 12 मिमी थर्माकोलचे दोन थर घ्या, खालचा 60 × 30 सेंमी. दिवाळीच्या किल्ल्यासारखे कडे नकोत. कडा पॉलिश पेपरने इतक्या घासा की तुकडा कुठेही घसरणार नाही. सॉल्व्हंटचा गोंद थर्माकोल खातो, तेव्हा फेविकॉलच वापरा. वर रंगवलेला भुसा टाका, पण गर्द हिरवा नको. तिकडे सप्टेंबर म्हणजे हिवाळ्याची अखेर, गवतात पिवळट छटा हवीच. नेतोच्या पाठीमागे 5 सेंमी रुंद ओढा आखा. तो ओलांडताना चाल निम्मी.

चाल 20 सेंमी, हल्ल्याची 30. भिडलेल्या प्रत्येक स्वारामागे एक फासा, 6 पडला तर वार लागला. उतारावरून आलेल्याला पहिल्या फेरीत 5 सुद्धा चालतो. दोन वारांत तुकडा बाद. ताव्हारिसने सात-सात तुकड्यांच्या दोन रांगा कराव्यात, नेतोने सहा पुढे आणि दोन-दोनच्या दोन टोळ्या मागे. या टोळ्या पुढची रांग भिडल्यानंतरच सुटतात. बगलेवर त्यांना 5 आणि 6 दोन्ही चालतात, आणि मार खाणारा तुकडा त्या फेरीत उलट वार करत नाही. नेतोच्या बाजूने खेळणारा नवखा त्यांना पहिल्याच फेरीत समोरून झोकतो आणि हरतो. बंदुकांचे नियम घालूच नका, डाव लांबतो आणि ही लढाई उरत नाही.

आता लगाम. तो ठरलेल्या फेरीत तोडला तर डावाचा तमाशा होतो, ताव्हारिस खेळणाऱ्याला करण्यासारखं काही राहत नाही. म्हणून भिडल्यापासून दर फेरीच्या सुरुवातीला एक फासा टाका, 6 पडला तर लगाम तुटला. याने चार फेऱ्यांत निम्म्याहून किंचित जास्त डावांत तो तुटतो. बगलेवर मार बसल्यानंतर 5 वरही तुटू द्या. हा फरक घोड्यासाठी नाही, फळी आधीच डळमळलेली असते म्हणून आहे. तुटला की ताव्हारिसला सरळ मागे 30 सेंमी न्या. वाटेच्या दोन्ही बाजूंना 15 सेंमीत येणाऱ्या प्रत्येक बादशाही तुकड्यासाठी फासा टाका. 4 किंवा वर पडला तर तो टिकला, नाहीतर पूर्ण चाल मागे. पुढच्या फेरीत ताव्हारिस घोडा आवरून परत येऊ शकतो, पण मागे हटलेले तुकडे त्याने स्वतः जवळ जाऊन एकेक करून वळवायचे.

बादशाही बाजूचे 180 मेले, 63 जखमी झाले आणि शंभरावर कैद झाले अशी नोंद आहे. म्हणजे मेलेले-जखमी मिळून 12 बाहुल्या. ताव्हारिसने सहा तुकडे गमावले की डाव थांबवा.