गट पाडताना कोणी उरू नये म्हणून: जुन्या लग्नपत्रिका

‘आपापल्या जोड्या करा’ म्हटलं की वर्गातली तीच दोन-तीन मुलं दरवेळी भिंतीशी उभी राहतात. निवड मुलांच्या हातून काढून घ्या.

१. जाड पुठ्ठ्याच्या, वेगवेगळ्या रंगांच्या लग्नपत्रिका घ्या. पहिली-दुसरीला प्रत्येक पत्रिकेचे दोन तुकडे, तिसरी-चौथीला चार.

२. कात्री वाकडीतिकडी चालवा. सरळ कापले तर कुठलाही तुकडा कुठेही बसतो आणि मुलं मैत्रिणीशेजारीच ‘जुळलं!’ म्हणून बसतात.

३. आधी हजेरी मोजा. ३० मुलं असतील तर सहा पत्रिकांचे चार-चार, दोन पत्रिकांचे तीन-तीन तुकडे. हे आयत्या वेळी जमत नाही, म्हणून तीन तुकड्यांच्या दोन-तीन पत्रिका वेगळ्या पाकिटात तयार ठेवा.

४. तुकडे मिसळून प्रत्येकाला एक द्या. तुकडा पालथा, तळहाताखाली. टाळी वाजली की उलटायचा आणि त्याच पत्रिकेचे जोडीदार शोधायचे; तोच गट. तुकडा जुळवायला समोरच्याशी बोलावंच लागतं. गप्प राहणारं मूलही ‘तुझा दाखव ना’ एवढं म्हणतं, आणि आपल्याला हवं असतं ते हेच.

गट जमला की लगेच अभ्यास नको. दोन मिनिटं, ‘आज डब्यात काय आणलंय’ एवढंच प्रत्येकाने सांगायचं.

नव्याने आलेल्या किंवा फार बुजऱ्या मुलासाठी एका पत्रिकेच्या तुकड्यांमागे पेन्सिलीने बारीक टिंब करा. त्यातला एक त्याला, बाकीचे सांभाळून घेणाऱ्या मुलांना द्या. टिंबाची गोष्ट मुलांना कळू देऊ नका, नाहीतर त्या मुलावर ‘बुजरा’ असा शिक्का बसेल.