खेळताना नेट गेलं: हल्ला झाला की फायबर तुटली?

मॅच ऐन रंगात असताना नेट गेलं, त्यात समोरचा चॅटमध्ये धमकी देत होता, तरी राऊटर लगेच बंद-चालू करू नका. बऱ्याच राऊटरांची नोंदवही (लॉग) त्याने पुसली जाते. हल्ला म्हणजे कोणीतरी मुद्दाम तुमच्या लाइनवर डेटाचा मारा करून ती तुंबवणं.

आधी ओएनटीवरचे, म्हणजे फायबर जिथे जोडलेली असते त्या डब्यावरचे लाइट बघा. एलओएस (सिग्नल नाही) हा लाइट लाल लुकलुकत असेल तर हल्ल्याचा विषयच संपला. फायबरमधून प्रकाश येत नाही, आणि ते कोणी गेममधून करू शकत नाही. कपाटामागे वायर दुमडली असेल तर मोकळी करा, हिरवा कनेक्टर नीट बसवा. उघड्या टोकात डोकावू नका. लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. लाइट लालच राहिला तर कंपनीकडे तक्रार नोंदवा. ओएनटीच्या सेटिंगमध्ये आरएक्स पॉवर (पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) दिसत असेल तर तीही सांगा. ती साधारण -८ ते -२७ डीबीएमच्या आत हवी. -२८, -२९ दिसली की नेट अधूनमधून तुटू शकतं.

लाइट ठीक असतील तर लॅन केबल लावून कॉम्प्युटरवर दोन खिडक्यांत सतत पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा: एकीत राऊटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१), दुसरीत ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर). राऊटरचाच पिंग अडखळला तर दोष घरात आहे. केबलवर सुरळीत आणि वायफायवर अडखळत असेल तर वायफाय दोषी. ८.८.८.८ चालतं पण साइट उघडत नाहीत, तर डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदला. राऊटर ठीक आणि बाहेरचा पिंग २० वरून ४०० मिलिसेकंदांवर उडत असेल, तर घरातल्या कुणाच्या फोनचा फोटो बॅकअप चालू आहे का ते बघा. अपलोड भरलं की गेमची पॅकेट रांगेत अडकतात. राऊटरमध्ये क्यूओएस (वेगाची वाटणी ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा.

राऊटरच्या नोंदीत ‘डॉस अटॅक’ (असाच डेटाचा मारा) दिसला म्हणून घाबरू नका. इंटरनेटवर पोर्ट चाचपणी (कुठलं दार उघडं आहे ते यंत्रांनी तपासणं) अखंड चालते, उशिरा आलेली उत्तरंही राऊटर हल्ला समजतो. संशय खरा ठरतो तो असा: लाइट हिरवे, घरातलं सगळं नेट एकदम ठप्प, आणि विशिष्ट माणसासोबत खेळतानाच पुन्हापुन्हा. पीअर-टू-पीअर गेममध्ये, म्हणजे खेळाडू थेट एकमेकांना जोडलेले असतात अशा गेममध्ये, तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) समोरच्याला दिसू शकतो. अनोळखी लिंक उघडूनही तो जातो.

आता राऊटरचा वॅन आयपी, म्हणजे कंपनीकडून राऊटरला मिळालेला पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना एकच पत्ता वाटणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेमागे) आहात. बाहेर दिसणारा पत्ता अनेक ग्राहकांचा सामायिक असतो, त्यामुळे मारा आधी कंपनीच्या यंत्रणेवर येतो. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) मात्र थेट असतो, त्याची फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारी भिंत) चालूच ठेवा. पब्लिक आयपी (फक्त तुमचा, बाहेरून थेट दिसणारा पत्ता) असेल तर वेळेची नोंद आणि स्क्रीनशॉट घेऊन मगच राऊटर दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवा. स्टॅटिक (कायमचा ठरलेला) नसेल तर बहुधा नवा पत्ता मिळतो. त्या नव्या पत्त्यावरही मारा आला तर घरातली फायरवॉल उपयोगाची नाही, कारण लाइन राऊटरपर्यंत पोचण्याआधीच तुंबते. मारा कंपनीलाच वर अडवावा लागतो, म्हणून नोंदी त्यांना द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली हा गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करताना धमकीचे स्क्रीनशॉट जोडा.