वाढत्या वस्तीत बीआरटी मागायच्या आधी काय बघायचं (इंदूरहून, अनुभवाने)

आमच्या इंदूरात बीआरटीएस होती. बीआरटी म्हणा की बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेली लेन आणि तिथेच बसची स्टेशनं. मे २०१३ मध्ये एबी रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक अशी साधारण साडेअकरा किलोमीटर सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने काढायचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने परवानगी दिल्यावर तोडायला सुरुवात झाली. भोपाळची तर आमच्या आधीच गेली. त्यामुळे इथे पोह्याच्या ठेल्यावर नुसता विषय काढा, लगेच दोन पार्ट्या पडतात आणि गंमत म्हणजे दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर असतं.

पण नाशिक-पुण्याकडचे नातेवाईक विचारतात, अगं आमच्या नव्या एरियात बीआरटी येणार म्हणतात, तुमची तर काढली मग आम्ही हो म्हणावं का नाही? माझं उत्तर असं की वाढत्या वस्तीला बीआरटीसारखी स्वस्तातली सोय दुसरी नाही, फक्त ती वस्ती भरायच्या आधी यायला हवी आणि अर्धवट यायला नको. आपल्याकडे येतेय ती अर्धी आहे का पूर्ण हे इंजिनिअर नसतानाही कळतं, कसं ते सांगते.

आधी माणसं मोजा, गाड्या नाही

सकाळी ऑफिस-कॉलेजच्या टायमाला रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, सोबत एकजण घ्यायचा, आणि पंधरा मिनिटं नुसत्या रेघा मारायच्या. टू-व्हीलर, रिक्षा, कार, बस, प्रत्येकाचा वेगळा कॉलम, आणि आत किती माणसं दिसतात ते अंदाजाने. मग चारने गुणा, तासाचा आकडा मिळाला. कारमध्ये बहुतेक वेळा एकच माणूस असतो हे तुम्हाला तिथेच दिसेल, सांगायला कोणी लागत नाही.

आता हिशोब बघा. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावर एका लेनमधून तासाला साधारण ७०० ते ८०० कार निघतात, दर कारमागे दीड माणूस धरला तर हजार-बाराशे माणसं. त्याच लेनमधून दर दोन मिनिटाला एक बस सोडली आणि बसमध्ये ६० जण असले तर तासाला ३० बस म्हणजे १८०० माणसं. फरक एवढाच नाहीये, खरा फायदा पुढे आहे. वस्ती दुप्पट झाली की बस दर मिनिटाला करता येते, लेन तीच, माणसं ३६००. कारच्या लेनमध्ये दुप्पट कार घालून दाखवा.

आणि इथेच भांडण सुरू होतं. कारण दर दोन मिनिटाला बस म्हणजे मधला सगळा वेळ लेन रिकामी दिसते, आणि बाजूला सिग्नलला अडकलेला माणूस त्या रिकाम्या लेनकडे बघून चिडतो, की बघा एवढी जागा फुकट चाललीय. इंदूरात वर्षानुवर्षं हेच ऐकलं. त्याचं चिडणं खोटं नसतं, त्याला गर्दी दिसते, निघून गेलेली बस दिसत नाही. पण दुसरी बाजू पण ऐका, बस दहा-बारा मिनिटांनी येत असेल तर तो चिडलेला माणूसच बरोबर आहे, कारण तेव्हा तासाला जेमतेम ३०० माणसं जातायत आणि त्यासाठी आख्खी लेन अडवून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून पहिला प्रश्न "लेन किती किलोमीटर" हा नाही, "बस किती मिनिटांनी" हा विचारायचा, तो पण सकाळी नऊचा आणि रात्री नऊचा वेगवेगळा, कारण रात्री क्लासवरून सुटणाऱ्या पोरीला सकाळच्या फ्रिक्वेन्सीचा काय उपयोग.

रस्ता टेप लावून मोजा

साधी बेरीज आहे. येणारी-जाणारी बस लेन मिळून ७ मीटर, मधे स्टेशन ४ मीटर, दोन्ही बाजूला बाकी गाड्यांच्या दोन-दोन लेन मिळून १३ मीटर, फुटपाथ आणि नाली दोन्हीकडे तीन-तीन म्हणजे ६. झाले ३० मीटर. सायकल ट्रॅक, झाडं, पार्किंग पाहिजे असेल तर ३६ च्या पुढे जा. तुमचा डीपी रोड (शहराच्या डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये दाखवलेला रस्ता) १८ मीटरचा असेल तर बीआरटी विसरा, तिथे साध्याच बस जास्त सोडा आणि थांबे नीट करा असं मागा, त्यातही भलं आहे.

म्हणूनच वाढत्या वस्तीला हे सोपं आणि जुन्या शहराला अवघड. इंदूरच्या जुन्या भागात राजवाड्याजवळ कोण ३० मीटर देणार? पण शहराबाहेरच्या सुपर कॉरिडॉरसारख्या रुंद रस्त्यावर, जिथे प्लॉट अजून रिकामे आहेत आणि दुकानांच्या पायऱ्या रस्त्यावर आलेल्या नाहीत, तिथे मधली जागा आजच राखून ठेवायला खर्च जवळपास शून्य. नुसतं गवत लावून ठेवा दहा वर्षं, चालेल. एकदा दोन्हीकडे शोरूम आणि मंगल कार्यालयं उभी राहिली की मग तोच रस्ता मागायला गेलात तर मार खाल.

ब्राझीलच्या कुरितिबाने हेच केलं. १९७४ मध्ये बसच्या वेगळ्या लेन सुरू केल्या आणि उंच इमारतींना परवानगी त्याच रस्त्यांच्या कडेने दिली, त्यामुळे वस्ती बसच्या आजूबाजूला वाढली. काचेच्या नळकांड्यासारखी त्यांची प्रसिद्ध स्टेशनं तर १९९१ मधली, म्हणजे लेन आधी आली आणि थाटमाट सतरा वर्षांनी. आपल्याकडे उलटं होतं, आधी स्टेशनचं उद्घाटन मग बस कुठेय ते शोधा.

स्टेशन बघताना पायाकडे बघा

कुठल्याही चालू बीआरटीच्या स्टेशनवर जाऊन उभे राहा, अहमदाबादला गेलात तर तिथली २००९ पासून चालू आहे, सुरतेत तर जाळं १०० किलोमीटरच्या वर आहे. बस लागली की बसचा दरवाजा आणि फलाट एका पातळीला आहेत का बघा, आणि मधली फट किती आहे. हे बारीक वाटतं पण सगळा खेळ याच्यात आहे. साध्या बसला तीन पायऱ्या, गुडघे दुखणाऱ्या आजी दांड्याला धरून एकेक पाय टाकणार, मागे ड्रायव्हर हॉर्न देणार, कंडक्टर दारातच सुट्टे मागणार, एका थांब्यावर दीड-दोन मिनिटं गेलीच. तिकीट स्टेशनातच घेतलेलं, फलाट सपाट, दरवाजे रुंद, तर तेवढीच माणसं वीस-पंचवीस सेकंदांत चढतात-उतरतात, व्हीलचेअर आणि बाबागाडी सकट. पण ड्रायव्हरने बस हातभर लांब लावली की परत तेच, आई पोराला उचलून घेते, म्हातारा माणूस खाली बघत थबकतो, त्याच्या मागची रांग थांबते. म्हणून ड्रायव्हरांचं ट्रेनिंग हा पण प्रोजेक्टचाच भाग आहे, तो कागदावर आहे का विचारा.

दिल्लीची बीआरटी आठवते? २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद, पावणेसहा-सहा किलोमीटर. तिथे लेन होती पण बंद स्टेशन नाही, तिकीट बसमध्येच, थांबे चौकाला लागून, त्यामुळे बसच्या मागे बस आणि सिग्नल लांबच लांब. २०१६ मध्ये उखडून टाकली. लोक म्हणतात दिल्लीत बीआरटी फेल झाली, मी म्हणते पूर्ण बीआरटी तिथे झालीच कुठे.

स्टेशनपर्यंत पोचायचं कसं

स्टेशन रस्त्याच्या मधे असतं, म्हणजे प्रत्येक प्रवाशाला अर्धा रस्ता ओलांडावाच लागतो. नकाशात प्रत्येक स्टेशनला पायी चालणाऱ्यांचा सिग्नल आणि उंच झेब्रा आहे का बघा. फूट ओव्हरब्रिज दाखवला तर लगेच विरोध करा, तीस-चाळीस पायऱ्या चढून कोणी जात नाही, लोक रेलिंगवरून उडी मारतात आणि मग पेपरात बातमी येते. आमच्याकडे भंवरकुआंला कोचिंग सुटलं की खांद्याला बॅग अडकवून पोरं रस्त्यात उतरायची ते बघून जीव वर-खाली व्हायचा.

आणि कॉलनीपासून स्टेशनपर्यंत काय? चालत दहा मिनिटांच्या पुढे असेल तर ई-रिक्षाला ठरलेली जागा पाहिजे, सायकल लावायला सोय पाहिजे. त्याहून बरं म्हणजे बसला दोन्हीकडे दरवाजे, म्हणजे तीच बस राखीव लेन सोडून आत वस्तीत पण जाऊ शकते, बदलायची कटकट नाही.

"मेट्रो येतेच आहे ना"

मीटिंगमध्ये हे कोणीतरी म्हणणारच. इंदूरची मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली, सुपर कॉरिडॉरवरचे पहिले सहाएक किलोमीटर. मंजूर प्रोजेक्ट साधारण साडेएकतीस किलोमीटरचा, साडेसात हजार कोटींचा, म्हणजे किलोमीटरला अडीचशे कोटींच्या जवळपास. बीआरटी त्याच्या लहानशा हिश्श्यात होते आणि दोन-तीन वर्षांत धावते. वीस वर्षांनी मेट्रोइतकी गर्दी झालीच तर राखलेली मधली पट्टी खांबांना उपयोगी पडेल. दोघी सवती नाहीत. अॅम्ब्युलन्स अडकेल म्हणणाऱ्याला सांगा, उलट बसची मोकळी लेन अॅम्ब्युलन्सला द्यायचा नियम करता येतो.

पैशाचं एकच विचारा, ऑपरेटरला पैसे किलोमीटरवर मिळणार का तिकिटावर. तिकिटावर असले की ड्रायव्हर गर्दीच्या स्टेशनवर रेंगाळतो, बाकीची सोडतो आणि दुपारच्या फेऱ्या हळूच गायब होतात. किलोमीटरवर असले तर तोटा कोण भरणार हे पण लेखी पाहिजे, कारण सगळ्यात आधी कात्री बसच्या संख्येवरच चालते.

मागायचं कुठे

डेव्हलपमेंट प्लॅनचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांची मुदत असते, ती पकडायची, नंतर कितीही ओरडलं तरी फाईल हलत नाही. अर्ज एका पानाचा ठेवा. रस्त्याचं नाव, मोजलेली रुंदी, तुमचा तासाचा माणसांचा आकडा, आणि मागणी नेमकी, की अमुक रस्त्याच्या मधली ११ मीटर पट्टी बससाठी राखीव दाखवावी. "वाहतूक सुधारावी" असलं लिहिलंत तर छान शेरा मारून परत येईल. सोसायटीच्या लेटरहेडवर दिलंत तर बरं, आसपासच्या चार-पाच सोसायट्यांनी वेगवेगळे दिले तर अजून बरं. प्रत्येकाची झेरॉक्स सोबत न्या, त्यावर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, सुनावणीला बोलावलं की पहिला तोच मागतात.