'फॅरनहाइट ४५१' कसं वाचावं: एका बाइंडरचं सांगणं

रविवार कारंज्याजवळच्या गल्लीत आमचं बाइंडिंगचं दुकान आहे. वडिलांनंतर सव्वीस वर्षं मीच बसतो. दोन वर्षांपूर्वी कॉलेजातली एक मुलगी रे ब्रॅडबरींची ही कादंबरी बांधायला घेऊन आली. पुठ्ठा निघालेला, पानं सुटून हातात येत होती. बांधायला आलेलं पुस्तक मी सहसा वाचत बसत नाही. हे वाचलं, नंतर स्वतःची प्रत घेऊन आणखी दोनदा वाचलं, आणि मन अजून एका बाजूला बसलेलं नाही. तुम्ही हातात घेणार असाल तर एवढं करा.

आधी प्रत बघून घ्या. कादंबरी १९५३ची. १९६७मध्ये प्रकाशकांनीच शाळांसाठी आवृत्ती काढताना पंचाहत्तरेक जागी मजकूर बदलला; शिव्या गेल्या, 'गर्भपात' हा शब्द गेला. लेखकाला हे कळायला १९७९ उजाडलं, मग मूळ मजकूर परत आला. रद्दीतून सत्तरच्या दशकातली प्रत मिळाली तर छपाईचं साल तपासा. पुस्तकं जाळण्याविरुद्धचं पुस्तक कापलेलं वाचू नका.

दोन रंगांच्या पेन्सिली जवळ ठेवा. पटलं तिथे निळी रेघ, खटकलं तिथे लाल. एकाच ओळीखाली दोन्ही आल्या तर येऊ द्या, खोडू नका. माझ्या प्रतीत अशा ओळी बऱ्याच आहेत.

पहिला भाग शक्यतो एका बैठकीत वाचा. कादंबरीतल्या गावात बंबवाले आग विझवत नाहीत, रॉकेल ओतून पुस्तकं जाळतात. त्या रॉकेलपाशी जरा थांबा. मागे वाळवीनं खाल्लेल्या जुन्या खतावण्या मला जाळाव्या लागल्या होत्या. मिटलेली जाड वही पेटत नाही. कडा काळ्या पडतात, आतली अक्षरं शाबूत राहतात. शेवटी एकेक पान फाडून, चुरगाळून आगीत टाकावं लागलं, आणि टाकताना प्रत्येक पान डोळ्यांखालून गेलं. कुणाच्या तरी आजोबांचा गुळाचा हिशेब होता. कादंबरीचा नायक मोंटाग असाच एक बंबवाला. त्याच्या हाताला हे काम पडत नाही, रॉकेल ते करून टाकतं. म्हणून त्या म्हातारीच्या घरी, जी पुस्तकं सोडून बाहेर येत नाही आणि स्वतःच काडी ओढते, तो पहिल्यांदा हलतो. हे वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला. निळी रेघ.

बंबाचा कॅप्टन बीटी मोंटागला इतिहास सांगतो, तो मोठ्यानं वाचा, शक्यतो कुणाबरोबर. सरकारी हुकूम नंतर आला, असं तो म्हणतो. आधी लोकांनीच वाचणं टाकलं, पुस्तकाचा सारांश झाला, सारांशाच्या चार ओळी झाल्या. इथवर मी मान डोलावतो. पण पुढे तो दोष ठेवतो तो तक्रार करणाऱ्या लहानलहान गटांवर, आणि तिथे माझी लाल पेन्सिल दाबून चालते. मराठी माणसाला ही जागा ओलांडून जाता येणार नाही. २५ डिसेंबर १९२७ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. १९३०मध्ये आपल्याच नाशकात काळारामाचं दार उघडावं म्हणून सत्याग्रह झाला. ज्यांना ज्ञानाचीच बंदी होती त्यांनी ती बंदी लिहिणारा ग्रंथ जाळला, तर ते आणि बीटीचं जाळणं एक कसं? महाडला ग्रंथ नाहीसा करायचा नव्हता, त्याचा अधिकार नाकारायचा होता. मनुस्मृतीची प्रत मी स्वतः बांधून दिली आहे, ती आजही मिळते. कादंबरीत मात्र जाळणारा हात बहुतेक सत्तेचाच आहे. सत्तेविरुद्ध ग्रंथ जाळणाऱ्या हाताला तिथे जागाच नाही. हे वाचताना मनात धरून ठेवा, आणि तेवढ्यावरून पुस्तक टाकूनही देऊ नका.

बायकांविषयी थोडक्यात सांगतो: मोंटागची बायको मिल्ड्रेड भिंतीवरच्या टीव्हीच्या पडद्यांपुढे बसून राहते, शेजारची मुलगी क्लॅरिस फार लवकर नाहीशी होते. क्लॅरिसच्या वाटेला आणखी पानं यायला हवी होती.

शेवटी नदीपलीकडे मोंटागला पुस्तकं पाठ करून जपणारी माणसं भेटतात. इथे मला आई आठवते. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण हरिपाठ एक शब्द न चुकता म्हणायची. माणूस म्हणजेच पुस्तक, हे मी घरात पाहिलं आहे, म्हणून हा शेवट मला फार आवडतो. आणि तिला शाळेत घातलंच नव्हतं, म्हणून ते तोंडी राहिलं, हेही त्याच वेळी टोचतं. कादंबरीतले ते सगळे शिकलेले पुरुष आहेत.

पुस्तक मिटल्यावर एक काम करा. आवडत्या कुठल्याही पुस्तकाचं एक पान निवडून आठवडाभर पाठ करा. मी आईचा एक अभंग घेतला. तिसऱ्या दिवशी एक ओळ आठवेना, तेव्हा दुकान बंद करून बहिणीला फोन लावला. तिनं ती ओळ आईच्याच चालीत म्हणून दाखवली.