सपाट छताच्या तुळया भिंतीवर टेकवताना या चुका टाळा

बागेतली अवजारांची खोली किंवा छोटी कार्यशाळा बांधताना सगळं लक्ष तुळईच्या मापाकडे आणि वरच्या वॉटरप्रूफिंगकडे जातं. छत बिघडायला सुरुवात होते ती मात्र बहुधा तुळईच्या टोकाशी, लाकूड भिंतीला भिडतं त्या वीतभर जागेत.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे टोक विटांमध्ये चिणून टाकणं. लाकूड बाजूंपेक्षा कापलेल्या टोकातून कितीतरी वेगाने पाणी पितं. अशा खोलीची भिंत बहुधा एकेरी, साधारण १०० मिमीची असते. पावसाने झोडपली की ओल आतवर येते, आणि चहूबाजूंनी सिमेंट-वाळूचा माल ठासलेला असल्याने टोकाला सुकायला वावच मिळत नाही. मधोमध ठणठणीत दिसणारी तुळई टोकाला भुसभुशीत झालेली असते. शंका आली तर भिंतीलगत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजलं आहे. मग पुट्टी भरून रंग लावण्यात अर्थ नाही. छताला टेकू द्या, कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापा, नवा तुकडा बोल्टने जोडा आणि ओल येते कुठून ते आधी बंद करा.

नवीन काम असेल तर भिंतीच्या माथ्यावर १०० × ५० मिमीची लाकडी वॉल प्लेट मालावर समपातळीत बसवा, खाली ओलरोधक पट्टी घाला आणि तुळया तिच्यावर ठेवा. भार भिंतभर पसरतो. तुळई थेट विटेवर ठेवून खाली फरशीचे तुकडे, लाकडाच्या चिपा सारल्या तर त्या सरकतात, आकसतात आणि छत एका कोपऱ्यात बसतं. औषध मारलेलं लाकूड कापलं की आतला कोरा भाग उघडा पडतो. प्रत्येक कापावर पुन्हा औषध लावा. हे काम दोन मिनिटांचं, पण हमखास राहून जातं.

छत स्वतःच्या वजनाने जागेवर राहील, हा समज घातक आहे. सपाट लाकडी छत हलकं असतं आणि वादळी वारा त्याला वर ओढतो. प्लेटवरून भिंतीवर उतरणाऱ्या गॅल्व्हनाइज्ड पट्ट्या जास्तीत जास्त २ मीटर अंतराने लावा. त्या सुमारे १ मीटर खाली यायला हव्यात, कारण वरच्या दोन थरांतच ठोकलेली पट्टी त्या विटांसकट उखडते.

जॉइस्ट हँगर, म्हणजे तुळईचं टोक झेलणारा धातूचा कंस, वापरत असाल तर तुळईचं टोक त्याच्या पाठीला भिडवा. ६ मिमीपेक्षा जास्त फट नको. उत्पादकाने सांगितलेल्या प्रत्येक भोकात खिळा हवा, तोही त्यानेच सांगितलेल्या मापाचा.

आता ढाळ. १ चौरस मीटरवर १ मिमी पाणी म्हणजे १ किलो भार. डबकं साचलं की तुळई वाकते, वाकली की आणखी साचतं. म्हणून आखणीत ४० ला १ ढाळ (४० मिमी लांबीला १ मिमी उतार) धरा, म्हणजे लाकूड थोडं वाकलं तरी ८० ला १ हाती राहतो. तो तुळयांवर निमुळत्या पट्ट्या ठोकून द्या, टोकाखाली चिपा सारून नव्हे. पाणी आधीच साचत असेल तर आतून तुळईलगत दोरी ताणून बाक मोजा. बाक मधोमध असेल तर तुळई कमी पडते आहे. तुळई सरळ असूनही तिचं एक टोक खाली गेलं असेल, तर ते भिंतीवर टेकतं ती जागा उघडून पाहा.